रिमोट डेस्कटॉप जोडताच कोसळणारा कॉम्प्युटर: काही महिन्यांच्या वापरानंतर

विंडोजमधलं रिमोट डेस्कटॉप मी रोज वापरते. कामाचं मशीन एकीकडे, मी लॅपटॉप घेऊन दुसरीकडे. अक्षरं स्वच्छ दिसतात, दोन्ही मॉनिटर वापरता येतात, इथलं कॉपी केलेलं तिथे पेस्ट होतं; यापेक्षा सोयीचं मला काही मिळालेलं नाही. पण मध्यंतरी जोडणी केली की पलीकडचं मशीनच कोसळायला लागलं. यावर मिळणारा सल्ला बहुतेक वेळा ‘नेट तपासा’ इथेच संपतो, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

आधी नक्की काय पडलं ते ठरवा. सेशन (चालू रिमोट जोडणी) तुटलं काय किंवा मशीन पडलं काय, लॅपटॉपवर दोन्ही सारखंच दिसतं: चित्र थिजतं आणि ‘पुन्हा जोडत आहे’ असा मेसेज येतो. परत आत गेल्यावर उघड्या फायली होत्या तशाच असतील तर फक्त सेशन तुटलं होतं. सगळं बंद होऊन नवा डेस्कटॉप आला, तर मशीन रीस्टार्ट झालंय आणि नेटला दोष देण्यात अर्थ नाही.

मग पलीकडच्या मशीनवरचं इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडायचं. सिस्टम लॉगमध्ये कर्नल-पॉवरचा ४१ नंबरचा इव्हेंट दिसतो. त्याची वेळ मशीन पुन्हा चालू झाल्याची असते, पडल्याची नव्हे. पडल्याची वेळ ६००८ नंबरच्या इव्हेंटच्या मजकुरात सापडते. ४१ च्या तपशिलात ‘बगचेक कोड’ असतो, म्हणजे विंडोज कोसळताना येणाऱ्या निळ्या स्क्रीनच्या कारणाचा आकडा. तो शून्य असेल तर निळी स्क्रीन नोंदलीच गेलेली नाही. तेव्हा वीज, पॉवर सप्लाय किंवा मशीन पूर्ण हँग होणं याकडे वळायचं. माझ्याकडे तिथे २७८ होतं. हा आकडा दशमान पद्धतीतला. हेक्समध्ये (१६ पायाच्या अंकपद्धतीत) तो ११६ होतो, म्हणजेच ‘व्हिडिओ टीडीआर फेल्युअर’. ग्राफिक्स कार्डाने ठरलेल्या वेळात, मूळ सेटिंगप्रमाणे २ सेकंदांत, प्रतिसाद दिला नाही की विंडोज त्याचा ड्रायव्हर (ते कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) रीसेट करून पाहतं. तेही जमलं नाही की निळी स्क्रीन.

इव्हेंट व्ह्यूअरमध्येच रिमोट जोडण्यांची नोंद ठेवणारा टर्मिनल सर्व्हिसेसचा लोकल सेशन मॅनेजर लॉग असतो; त्यात २५ हा पुन्हा जोडणीचा इव्हेंट. त्याची वेळ ६००८ मधल्या वेळेशी ताडून पाहिली आणि दर वेळी दोन्ही एकमेकांना खेटून निघाल्या. जोडणी होताना पलीकडचा मॉनिटर लॉक होतो आणि चित्राची जबाबदारी रिमोटच्या डिस्प्ले ड्रायव्हरकडे जाते. ग्राफिक्सचा ड्रायव्हर नेमका या अदलाबदलीत अडकत होता.

तात्पुरता उपाय ग्रुप पॉलिसीत, म्हणजे विंडोजच्या प्रगत सेटिंग्जमध्ये, मिळाला. रिमोट डेस्कटॉप सेशन होस्टखाली ‘रिमोट सेशन एन्व्हायर्नमेंट’मध्ये ‘यूज डब्ल्यूडीडीएम ग्राफिक्स डिस्प्ले ड्रायव्हर’ अशी पॉलिसी आहे; डब्ल्यूडीडीएम ही डिस्प्ले ड्रायव्हरची नवी पद्धत. विंडोज १० च्या १९०३ आवृत्तीपासून ती आली. ती डिसेबल करून मशीन रीस्टार्ट केलं की जुना एक्सडीडीएम ड्रायव्हर वापरला जातो. क्रॅश थांबले, मात्र व्हिडिओ अडखळायला लागले. पुढे सेफ मोडमध्ये (मोजक्याच ड्रायव्हरांवर चालणाऱ्या विंडोजमध्ये) ग्राफिक्सचा जुना ड्रायव्हर पूर्ण काढून नवा टाकला, पॉलिसी पूर्ववत केली, आणि तेव्हापासून मशीन एकदाही पडलेलं नाही. दोन्ही गोष्टी एकाच दिवशी केल्या असत्या तर गुण कशाने आला ते कळलंच नसतं.

व्हीपीएनवरून (इंटरनेटवरच्या सुरक्षित खासगी जोडणीवरून) मधूनच थिजणारं चित्र हे निराळं दुखणं. त्यावर लॅपटॉपच्या बाजूने यूडीपी (डेटा पाठवायची एक पद्धत) बंद केलं, निवळलं. लागत नाही म्हणून प्रिंटरची जोडणीही बंदच ठेवते. व्हीपीएनचा कंटाळा करून रिमोट डेस्कटॉपचं ३३८९ हे पोर्ट (मशीनचं नेटवर्कवरचं दार) थेट इंटरनेटवर मात्र कुणी उघडू नका. २०१९ मधली ब्लूकीप ही त्रुटी याच सेवेत होती आणि पासवर्ड नसतानाही तिच्यातून आत शिरता येत होतं.

निळ्या स्क्रीनवरचा मजकूर वाचता यावा म्हणून ‘ऑटोमॅटिकली रीस्टार्ट’ बंद करा, असं सर्रास सांगितलं जातं. समोर बसून वापरायच्या मशीनला ते ठीक. दूरच्या मशीनवर मात्र ‘ऑटोमॅटिकली रीस्टार्ट’समोरची बरोबरची खूण राहू द्या, नाहीतर ते निळ्या स्क्रीनवरच अडकेल आणि बटण दाबायला तिथे कुणी नसेल. कोड हवा असेल तर विंडोज फोल्डरमधल्या मिनीडंपमध्ये (कोसळताना साठवलेल्या छोट्या फायलीत) तो नंतरही वाचता येतो. बायॉसमध्ये (विंडोजच्याही आधी चालणाऱ्या मशीनच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) वीज परत आल्यावर आपोआप चालू होण्याची सोय असेल, तर तीही आत्ताच लावून ठेवा.