सॅडल बदलावं, की फिटिंग करून घ्यावं?

बऱ्याच बायकांना सायकलवर अर्धा-पाऊण तास झाला की खाली दुखायला लागतं, बधिरपणा येतो, घरी येऊन आंघोळीचं पाणी अंगावर घेतलं की चुरचुरतं. कुणाला विचारलं तर उत्तर येतं, ‘होईल सवय.’ या उत्तरात अर्धंच तथ्य आहे. सॅडलवर, म्हणजे सायकलच्या सीटवर, आपण ज्या दोन हाडांवर टेकतो, ती बैठकीची हाडं नव्याने सायकल धरल्यावर आठवडा-दोन आठवडे ठणकतात आणि मग खरोखर सरावतात. पुढच्या नाजूक भागाचं तसं नाही. तिथली त्वचा आणि नसा दाबाला सरावत नाहीत, आणि दाब वर्षानुवर्षं चालू राहिला तर सूज कायमची बसू शकते. ब्रिटनची पॅरासायकलपटू हॅना डाइन्स हिने २०१९ मध्ये ‘द गार्डियन’मध्ये स्वतःच्या नावानिशी लिहिलं की सॅडलच्या दाबाने आलेल्या सुजेसाठी तिला शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली. एका खेळाडूने हे इतक्या उघडपणे सांगितलं, याबद्दल मला तिचे फार आभार वाटतात.

म्हणून ‘सहन करणं’ हा पर्याय मी इथे धरलेलाच नाही. उरतात चार: स्वतः पाना घेऊन बैठक सुधारणं, चांगली पॅडेड शॉर्ट्स घेणं, सॅडल बदलणं आणि बाइक फिटरकडे, म्हणजे शरीराच्या मापाने सायकल जुळवून देणाऱ्या जाणकाराकडे, जाणं. बहुतेकजणी सॅडलपासून सुरुवात करतात, कारण जिथे दुखतं तिथेच दोष दिसतो. माझं मत असं की आधी पाना, मग शॉर्ट्स, मग सॅडल. फिटरची पाळी कधी येते, हे दुखणं कुठलं आहे त्यावर ठरतं.

दुखतंय नेमकं कुठे?

हा प्रश्न वगळून केलेला खर्च बहुधा वाया जातो. मागे, बैठकीच्या हाडांवरच ठणका असेल तर सॅडलची रुंदी किंवा त्याचा मऊपणा चुकलेला असतो. पुढे दाब, जळजळ किंवा बधिरपणा असेल तर संशय आधी हँडलच्या अंतरावर आणि सॅडलच्या कलावर घ्यावा. मांडीच्या आतल्या बाजूला सोलवटत असेल तर सॅडलचा पुढचा भाग जाड आहे किंवा शॉर्ट्सची शिवण नको तिथे येतेय. आणि दुखणं एकाच बाजूला असेल तर सॅडल उंच असण्याची शक्यता मोठी. कंबर दर पेडलला डावी-उजवी झुलते आणि एक बाजू घासत राहते.

एक साधी खूण सायकलवरच सापडते. जुन्या सॅडलचं कव्हर उन्हात तिरकं धरून पाहा. दोन्ही बाजूंना मागे सारखी झीज असेल तर तुम्ही हाडांवर बसताय. नाकाकडचा भाग गुळगुळीत झाला असेल तर तुम्ही सतत पुढे घसरताय. झीज एकाच कडेला असेल तर तिरक्या बसताय.

पाना की नवं सॅडल?

पान्याला काही पडत नाही आणि केलेला बदल परत फिरवता येतो, म्हणून तो आधी. उंचीसाठी टाचेची रीत पुरेशी आहे: चप्पल न घालता सॅडलवर बसून टाच पेडलवर ठेवायची, पेडल सगळ्यात खाली असताना पाय जेमतेम सरळ व्हायला हवा. मग चवड्याने पेडल मारताना गुडघ्यात थोडा वाक आपोआप राहतो. स्थिर बसून मोजला तर २५ ते ३५ अंशांच्या आसपास. आकड्यांत हवं असेल तर जांघेपासून तळव्यापर्यंतची उंची गुणिले ०.८८३, हे क्रँकच्या (पेडल ज्याला जोडलेलं असतं त्या दांड्याच्या) फिरण्याच्या मध्यापासून सॅडलच्या माथ्यापर्यंतचं अंतर. ७५ सेंमीच्या पायाला ते साधारण ६६ सेंमी येतं. अमेरिकन सायकलपटू ग्रेग लेमाँडच्या नावाने हे सूत्र लोकप्रिय झालं. सुरुवातीला ठीक, पण अंतिम उत्तर म्हणून धरू नका.

मग कल. सॅडलवर एक सपाट वही ठेवून तिच्यावर मोबाइल ठेवा आणि त्यातल्या लेव्हल अ‍ॅपने कल मोजा. नाक वर असेल तर पुढच्या दुखण्याचं कारण तिथेच मिळालं. समांतर ठेवा किंवा एक-दोन अंश खाली करा. त्यापेक्षा फार खाली झुकवलं की शरीर पुढे घसरतं आणि सगळा भार मनगटांवर येतो. मग हात बधिर व्हायला लागतात.

बायकांच्या बाबतीत मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हँडलचं अंतर, आणि त्याकडेच सगळ्यात कमी लक्ष जातं. हँडल लांब असलं की हात पुरवण्यासाठी ओटीपोट पुढे कलतं, बैठकीची हाडं मागून उचलली जातात आणि भार पुढच्या मऊ भागावर येतो. वर बाई पुढे सरकून सॅडलच्या नाकावरच बसते. अशा बाईला जगातलं उत्तम सॅडल दिलं तरी दुखणारच, कारण ती त्याच्या रुंद भागावर बसतच नाही. उपाय साधे आहेत: १०० मिमीच्या स्टेमच्या (हँडल फ्रेमला जोडणाऱ्या तुकड्याच्या) जागी ८० मिमीचं, स्टेमखाली जागा असेल तर हँडल वर घेणं, आणि ब्रेकचे लीव्हर बोटांच्या टप्प्यात आणणं. बहुतेक लीव्हरना त्यासाठी छोटा स्क्रू असतो. हात लहान असलेल्या कित्येकजणी ब्रेक गाठायला ताणून बसतात आणि दोष सॅडलला देतात. अंतर कमी करायला सॅडलच पुढे ढकलणं मात्र टाळा. त्याने गुडघ्याची पेडलवरची जागा बिघडते आणि हातांवरचा भार वाढतो.

क्रँकची लांबीही तपासा. लहान चणीच्या बाईच्या सायकलवरही १७० मिमीचा क्रँक सर्रास दिसतो. पेडल वर येताना गुडघा पोटाशी येतो, कंबर उचलली जाते आणि त्या हालचालीने खाली घासतं. १६५ किंवा १६० मिमी केल्याने हे कमी होतं. मात्र क्रँक जितका लहान केला तितकं सॅडल वर घ्यावं लागतं. ही फक्त लहान चणीची गोष्ट नाही. २०२४ मध्ये अव्वल व्यावसायिक सायकलपटू तादेय पोगाचारही १६५ मिमीच्या क्रँकवर शर्यती धावत होता.

एका वेळी एकच बदल करा. सीटपोस्टवर (सॅडलखालच्या नळीवर) टेपचा तुकडा लावून जुनी जागा खुणवा, दोन-तीन राइड करा, मगच पुढचा बदल.

बायकांची वेगळी सायकल घ्यावी का?

जॉर्जेना टेरी यांनी १९८५ मध्ये अमेरिकेत बायकांसाठी सायकली बनवण्याची कंपनी काढली, कारण तेव्हा लहान चणीला बसेल अशी चांगली सायकलच मिळत नसे. आज चित्र बदललंय. स्पेशलाइज्ड या सायकल कंपनीने फिटिंगची हजारो मापं तपासून बाई-पुरुष अशी वेगळी फ्रेम ठेवणं सोडलं, कारण दोन बायकांमधला फरक कित्येकदा बाई आणि पुरुष यांच्या सरासरीतल्या फरकापेक्षा मोठा निघतो. मला हे पटतं. फ्रेमवर ‘विमेन्स’ लिहिलंय म्हणून ती घेऊ नका, नाही म्हणून सोडू नका. तुमच्या मापाची आहे का एवढंच बघा. सॅडल आणि शॉर्ट्सच्या बाबतीत मात्र शरीररचनेचा फरक खराच आहे, तिथे तो मानावा.

सॅडलमध्ये सॅडल कुठलं?

पहिली निवड रुंदीची. कडक स्टुलावर नालीदार पुठ्ठ्याचा तुकडा ठेवून त्यावर बसा, टाचा किंचित उचला, पुढे वाका, मग उठा. पुठ्ठ्यावर दोन खळगे दिसतील. बोट फिरवलं की सगळ्यात खोल जागा लागते. तिथे पेनाने ठिपके करा आणि मधलं अंतर मोजा. बसायची पद्धत सरळ असेल तर त्यात ३० मिमी किंवा जास्त मिळवा, मध्यम वाकत असाल तर २०, खूप वाकत असाल तर १० च्या आसपास. म्हणजे १२५ मिमीचं माप आलं आणि रोड बाइकवर मध्यम वाकून चालवत असाल तर १४५ मिमीच्या जवळपासचं सॅडल. अरुंद सॅडलचा तोटा असा की हाडं कडेवरून खाली उतरतात आणि मधला मऊ भाग भार घेतो. म्हणून पुढच्या दुखण्याचं कारणही कधी कधी मागची रुंदी असते. सरासरीने बायकांचं माप थोडं जास्त भरतं, पण अरुंद हाडांच्या बायकाही पुष्कळ आहेत. अंदाजाने रुंद घेऊ नका.

मऊ जेलचं सॅडल आणि घट्ट फोमचं सॅडल यात दुकानात जेल जिंकतं आणि रस्त्यावर फोम. जेल दाबलं की हाडं आत रुततात आणि मधला भाग वर उचलून मऊ भागाला टोचायला लागतो. वीस मिनिटांच्या फेरीला, सरळ बसून चालवायला जेल चालतं. तासाच्या वर जात असाल तर घट्ट.

मधे कापलेलं की सलग? पुढे दाब येणाऱ्या बहुतेकजणींना कापलेलं आवडतं, आणि पहिला प्रयोग म्हणून मीही तेच सुचवेन. पण एक गोष्ट दुकानात सहसा कुणी सांगत नाही: ज्यांच्या योनीबाहेरच्या घड्या मोठ्या आहेत, त्यांना त्या खाचेच्या कडाच काचतात, किंवा मऊ भाग खाचेत उतरून सुजतो. अशा बाईला उथळ खळगा असलेलं किंवा स्पेशलाइज्डच्या ‘मिमिक’सारखं, खाच मऊ थराने भरलेलं सॅडल जास्त मानवतं. यात लाजण्यासारखं काही नाही. शरीरं वेगवेगळी असतात आणि निवड त्यावरच ठरते.

आखूड नाकाचं सॅडल वाकून चालवणाऱ्यांना चांगलं, कारण पुढे दाबायला नाकच कमी उरतं. मात्र बसायची जागा जवळजवळ एकच राहते, हलायला वाव कमी. लांब घाटरस्त्यांवर पुढे-मागे सरकत चालवणारीला पारंपरिक लांबीचं आवडू शकतं. आयएसएम या कंपनीच्या सॅडलसारखं दुभंगलेल्या नाकाचं सॅडल ट्रायथलॉनच्या ताणलेल्या बैठकीला उत्तम; काहींच्या मांड्यांना मात्र त्याचा रुंद पुढचा भाग घासतो. ब्रुक्सचं बी१७ हे चामड्याचं सॅडल शंभराहून अधिक वर्षं विकलं जातंय, त्याचं बायकांसाठीचं आखूड रूपही आहे. सरळ बसून रोज लांब जाणारीला ते हळूहळू स्वतःच्या मापाचं होतं. पावसात जपावं लागतं, आणि सुरुवातीचे आठवडे कठीण जातात. पुढे दुखणाऱ्या बाईला मी ते सुचवणार नाही.

शॉर्ट्स

थोडक्यात: आत अंतर्वस्त्र घालायचं नाही, कारण त्याची शिवणच घासते. पॅड बायकांच्या आकाराचं, मधून शिवण नसलेलं असावं. जाड म्हणजे चांगलं असं नाही. घर्षण होत असेल तर शॅमॉय क्रीम (सायकलस्वारांसाठीचं घर्षण कमी करणारं मलम) लावा, आणि राइड संपली की ओल्या शॉर्ट्समध्ये बसून राहू नका. पाळीत सॅनिटरी पॅडची कड घासत असेल तर कप किंवा टॅम्पॉन बऱ्याचजणींना सोयीचा पडतो. रिओ ऑलिंपिकच्या आधी ब्रिटिश सायकलिंगने आपल्या महिला खेळाडूंना जांघेतले केस काढू नका असा सल्ला दिला होता, कारण केस घर्षण आणि घाम दोन्हींपासून त्वचा वाचवतात. उपाय बिनखर्चाचा आहे आणि सोलवटणं, पुळ्या यांवर खरंच उपयोगी पडतो.

फिटरकडे जावं का?

उंची, कल आणि अंतर नीट करूनही पुढचा बधिरपणा जात नसेल, दुखणं एकाच बाजूला असेल, गुडघा किंवा कंबरही बोलत असेल, किंवा तुम्ही मोठ्या पल्ल्याची तयारी करत असाल, तर नवं सॅडल घेण्याआधी फिटर. पायांच्या लांबीतला फरक, तिरकी कंबर, क्लीटची (बूट पेडलला अडकवणाऱ्या पट्टीची) जागा या गोष्टी स्वतःला दिसत नाहीत. उलट, आठवड्याला दोन-तीन छोट्या फेऱ्या आणि फक्त हाडांचा ठणका असेल तर पुठ्ठा आणि पाना पुरे.

फिटर निवडताना यंत्रापेक्षा त्याचे प्रश्न बघा. कुठे दुखतं, किती वेळाने, बधिरपणा राइडनंतर किती वेळ राहतो, बाळंतपण किंवा शस्त्रक्रिया झाली आहे का, हे त्याने किंवा तिने न अडखळता विचारलं पाहिजे. पुरुष फिटरशी बोलायला संकोच वाटत असेल तर बाई फिटर शोधा. अर्धवट सांगितलेल्या दुखण्यावर बरोबर फिटिंग होत नाही. दाबाचा नकाशा काढणारी सॅडलवरची चादर असेल तर भार हाडांवर आहे की मधे, हे पडद्यावर लगेच दिसतं. आणि चाचणीसाठी सॅडल घरी नेऊ देणारा फिटर मला लेझरने मापं घेणाऱ्यापेक्षा जास्त मोलाचा वाटतो, कारण ट्रेनरवर (सायकल जागेवरच चालवायच्या स्टँडवर) दहा मिनिटांत कुठलंच सॅडल कळत नाही. निदान तासाभराची एक राइड हवी. जाताना रोजचे बूट आणि रोजची शॉर्ट्सच घाला.

काही लक्षणांना मात्र फिटर, सॅडल, क्रीम यांपैकी काहीच नको, स्त्रीरोगतज्ज्ञच हवी: राइड थांबवूनही दिवसभर न जाणारा बधिरपणा, एका बाजूची गाठ किंवा सूज, न भरणारी जखम, ताप, लघवीला आग. रजोनिवृत्तीच्या सुमारास त्वचा कोरडी आणि पातळ होते. तेव्हा वर्षानुवर्षं चाललेलं सॅडल अचानक बोचू लागलं तर त्यावरही औषध मिळतं. सायकल चालवता हे डॉक्टरांना आधी सांगा, नाहीतर कारण शोधण्यात निष्कारण वेळ जातो.