रत्नागिरीत भाड्याचं घर, आठ महिने वापरून: पन्हळ सोडली तर उत्तम

आधी पैशांचं बोलते. डिपॉझिट ३०,००० दिलं होतं, परत आले २०,८६०. मधले ६४० लाईट बिलाचे, ते माझेच, त्याबद्दल तक्रार नाही. उरलेले ८,५०० एका पन्हळीने खाल्ले. ती बदलायला किती लागतात ते मी पत्र्याच्या दुकानात जाऊन विचारून आले होते: सामान-मजुरी धरून साडेसातशे. हे साडेसातशे कुणी घालायचे ते शेवटपर्यंत ठरलं नाही, म्हणून मी साडेआठ हजार घालून घर सोडलं.

घराचा तपशील सांगत बसत नाही. थिबा पॅलेसच्या बाजूला, तळमजला, पुढे स्लॅबच्या दोन खोल्या, मागे जांभ्याच्या भिंतींचं जुनं कौलारू स्वयंपाकघर, परसात विहीर, भाडं ८,५००. या भागात घर शोधलेल्या माणसाला एवढ्यावरून सगळं कळेल. फोटोत दिसत नाही ते सांगते. स्लॅब आणि कौलं जिथे एकमेकांना मिळतात तिथे एक पत्र्याची पन्हळ आहे. स्लॅबचं पाणी तिच्यात, कौलांचं पाणी तिच्यात. एका टोकाला ती गंजून फाटली आहे, आणि ते टोक बरोबर स्वयंपाकघराच्या पश्चिमेकडच्या भिंतीवर येतं.

मी घर बघितलं नोव्हेंबरात. नोव्हेंबरात पन्हळ बघायचं कुणाच्या डोक्यात येतं? त्यात मी सोलापूरची. आमच्याकडे वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पडतो, तोही आळवणी करून. इथे ३,००० च्या वर. एकट्या जुलैत आमच्या अख्ख्या वर्षापेक्षा जास्त. हे आकडे मला शाळेपासून पाठ होते. पण तो सगळा पाऊस एका फाटक्या पत्र्यातून आपल्या गॅसच्या ओट्यामागे येणार, हे भूगोलाच्या पुस्तकात नव्हतं.

खरं सांगायचं तर हे सगळं मी मे महिन्यात लिहिलं असतं तर पाच तारे देऊन मोकळी झाले असते. कारण विहीर. जांभा म्हणजे भोकाभोकांचा दगड, त्यात पाणी टिकत नाही. म्हणून तर एवढा पाऊस झेलूनही मे महिन्यात कोकणात टँकर फिरतात. आमच्या गल्लीत नळ दिवसाआड आला होता. शेजारचे लोक बादल्या मांडून बसलेले, आणि आमच्या विहिरीत पुरुषभर पाणी. थंड, गोड, डाळ दोन शिट्ट्यांत शिजायची. आई सोलापूरहून महिनाभर राहायला आली होती. ती रोज सकाळी उगाचच विहिरीत डोकावून यायची. "पाणी बघून डोळे निवतात गं," म्हणायची. शिवाय पडवीत दुपारी वारा, परसात एक रायवळ आंबा, आणि शेजारच्या काकी. मालकांच्या थोरल्या भावाच्या पत्नी, घराच्या दुसऱ्या अर्ध्या भागात एकट्या राहतात. सोलकढी केली की वाटीभर माझ्याकडे यायचीच. किल्ली, मीटर, मोटर, सगळं त्याच बघायच्या. मालक डोंबिवलीला. कोकणातलं नेहमीचंच: घर इथे, मालक तिथे, भेट मे महिन्यात आणि गणपतीत.

पन्हळीचं मी पहिल्यांदा बोलले एप्रिलमध्ये, तेही काकी सहज म्हणाल्या म्हणून: "ती जरा गळते हो पावसात." मालकांना फोन केला. "पावसाच्या आधी करून देतो." मे महिन्यात ते चार दिवस आले, आंब्याच्या पेट्या बांधल्या, माझ्यासमोर उभं राहून मान वर करून पन्हळ बघितली, "हम्म" म्हणाले आणि गेले. जूनमध्ये पाऊस लागल्यावर फोन केला तर उत्तर आलं, "आता पावसात कौलांवर माणूस कसा चढवणार? पाऊस उघडला की बघू." यात चूक काही नाही. ओल्या कौलांवर खरंच कुणी चढत नाही. घर शाकारायचं ते मृगाच्या आधी, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत. मग एप्रिलमध्ये काय झालं होतं?

भिंतीचं सांगते. जांभा पाणी पितो आणि मग सावकाश आत सोडतो. मी पेन्सिलने ओलीची कड आखून तारखा टाकायला लागले. १४ जून: खिडकीच्या चौकटीच्या वर चार बोटं. २२ जून: मसाल्याच्या फळीपर्यंत. ३ जुलै: स्विचबोर्डाची वरची कड. प्रत्येक रेघेखाली गिलावा फुगलेला, बोटाने दाबला की ओल्या बिस्किटासारखा आत जायचा. बरणीतलं मीठ पाणी झालं, चामड्याच्या चपलांवर हिरवी लव आली, पण ते पावसाळ्यात इथे सगळ्यांच्याच घरी होतं, त्याचे तारे कापत नाही. रात्री पागोळ्यांच्या आवाजात एक वेगळा आवाज यायचा, थड्... थड्... थड्. पन्हळीचा. तो मला आता इथे नव्या घरातही ऐकू येतो.

काकी म्हणायच्या, "हा तरणा पाऊस गो. तरणा सरू दे, मग बघू." तरणा म्हणजे पुनर्वसू, त्यानंतरचा पुष्य तो म्हातारा. यंदा म्हाताऱ्याने तरण्याला लाजवलं.

५ जुलैला मिक्सर लावताना बोर्डाला हात लागला आणि मुंग्या आल्या. झटका म्हणावा असा नव्हता, पण हात आपोआप मागे आला. वायरमन बोलावला. त्याने बोर्ड उघडला, आत पाण्याचे थेंब. म्हणाला, "ताई, घरात आरसीसीबी पण नाही, म्हणजे करंट गळला की लाईन आपोआप बंद करणारा स्विच. भिंत सुकेपर्यंत स्वयंपाकघराची लाईन बंद ठेवा." लाईन तोडून गेला, ३०० रुपये घेऊन. तेव्हापासून हॉलमधून एक्स्टेन्शन ओढून फ्रिज पुढच्या खोलीत, मिक्सर दिवाणावर, आणि स्वयंपाक चार्जिंगच्या दिव्यात. घर सोडायचं खरं कारण विजेचं, हे मला कळतं. पण मनात अजूनही राग येतो तो पन्हळीचाच.

त्या आठवड्यात मी रात्री जागून कायदा वाचला. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९, कलम १४: घर राहण्याजोगं ठेवणं मालकाचं काम. त्याने टाळलं तर भाडेकरूने किमान १५ दिवसांची नोटीस द्यावी, मग स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून कापावा. फक्त तो वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्याच्या वर जाऊ नये. वाचून मी उडालेच. माझा चौथा हिस्सा २५,५००, आणि पन्हळ साडेसातशेची! मग आमच्या लॅबमधल्या एकीच्या वकील मेव्हण्याने हवा काढली. हे कलम भाडेकरूसाठी. आपण अकरा महिन्यांचा जो कागद करतो तो लिव्ह अँड लायसन्स. त्यात आपण भाडेकरू नसतो, लायसन्सी असतो. राहायची परवानगी तेवढी आपल्याकडे. त्यामुळे दुरुस्तीचं काय ते आधी करारात बघायचं. माझ्या करारात होतं: किरकोळ दुरुस्ती लायसन्सीने करावी, मोठी मालकाने. आता पन्हळ किरकोळ की मोठी? मालक म्हणाले, साडेसातशेचं काम किरकोळच. मी म्हटलं, छपराचं काम किरकोळ कसं? या एका शब्दावर आमचे दोन रविवार गेले.

करार नोंदवलेला होता हे मात्र बरं झालं. 'अकरा महिन्यांचाच आहे, नोंदणी कशाला' असं अजून बरेच एजंट सांगतात. ऐकू नका. याच कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे लायसन्सचा करारही लेखी आणि नोंदवलेलाच लागतो, आणि नोंदवायची जबाबदारी मालकाची. नोंदवला नसेल तर अटींबाबत राहणाऱ्याचं म्हणणं धरलं जातं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. मुद्रांक ०.२५ टक्के आणि शहरात नोंदणी फी १,०००, एवढाच तर खर्च. तोही आम्ही निम्मा-निम्मा केला होता. तेव्हा मालक मला फार सज्जन वाटले होते.

करारात दोन आकडे होते आणि मी ते कायम एकच समजत होते. लॉक-इन सहा महिने, नोटीस दोन महिने. लॉक-इन ३१ मे रोजी संपला होता, म्हणजे सोडायला मोकळी. पण नोटीस दिल्या दिवसापासून दोन महिने भाडं चालू. १० जुलैला लेखी नोटीस दिली, पोस्टाने आणि व्हॉट्सअ‍ॅपवरही, भिंतीच्या फोटोंसकट. म्हणजे सुटका १० सप्टेंबरला. काढू म्हटलं दोन महिने. मागेच थिबा राजाचा वाडा. ब्रह्मदेशाच्या राजाला इंग्रजांनी १८८६ साली रत्नागिरीत आणून ठेवलं आणि त्याच्यासाठी बांधलेला राजवाडा पुरा झाला १९१० ला. चोवीस वर्षं राजासुद्धा दुसऱ्याच्या छपराखाली. अर्थात त्याची पन्हळ फुटलेली असल्याचं कुठे वाचनात नाही.

५ ऑगस्टला सकाळी पोहे परतत होते. भिंतीवरून तळहाताएवढा गिलाव्याचा पापुद्रा सुटला आणि थेट कढईत. गॅस बंद केला, कढई तशीच ठेवली, आणि कुवारबावला एक फ्लॅट बघितलेला होता त्याच्या मालकांना फोन लावला. ७ तारखेला टेम्पो.

इथपर्यंतचा मजकूर मी ऑगस्टमध्येच लिहून ठेवला होता. त्यात मालकांना बरंच बोलले होते, त्यातलं थोडं आता काढून टाकलंय. कारण सामान बांधताना काकींनी जे सांगितलं ते. घर मूळ सासऱ्यांचं. प्रॉपर्टी कार्डावर सात नावं. वाटणी तोंडी झालेली: पुढचा भाग धाकट्याचा, मागचं कौलारू छप्पर थोरल्याचं, म्हणजे आता काकींचं, स्वयंपाकघर वापरायला मात्र धाकट्याकडे. धाकट्याने आठ वर्षांपूर्वी कुणाला न विचारता पुढे स्लॅब टाकला आणि स्लॅबचं पाणी जुन्या पन्हळीत सोडलं. काकी मला बरण्या कागदात गुंडाळून देत होत्या आणि शांतपणे म्हणाल्या, "पन्हळ आमची, पाणी त्यांचं. आम्ही का बदलू?"

मी हातातली बरणी खाली ठेवली. आठ महिने मी डोंबिवलीवर चिडत होते आणि निम्मी पन्हळ सोलकढी देत होती! जो साडेसातशे घालेल त्याने पन्हळ आपली आहे असं कबूल केल्यासारखं होणार, म्हणून कुणीच घालत नव्हतं. मी घातले असते तर? तो विचार मनात आला होता. पण मग मी कुणाच्या बाजूची ठरले असते कोण जाणे. शिवाय साडेसातशे का म्हणून?

डिपॉझिटचं. निघायच्या दिवशी मी सगळ्या खोल्यांचा व्हिडिओ केला, मीटरच्या रीडिंगचा फोटो काढला, काकींकडे किल्ल्या देऊन वहीच्या पानावर 'घर ताब्यात मिळालं' असं लिहून सही घेतली. एवढं कराच. मालकांनी आधी ऑगस्टचं पूर्ण भाडं, सप्टेंबरचे दहा दिवस आणि वर रंगाचे ३,००० असा हिशोब पाठवला. रंगाचे! मी पेन्सिलच्या रेघांचे फोटो एकापाठोपाठ एक पाठवले, १४ जून, २२ जून, ३ जुलै. दोन तास काही आलं नाही. मग आलं: "रंगाचं राहू दे. सप्टेंबरचंही राहू दे. ऑगस्ट घेतो." नियमाने बघितलं तर त्यांना सप्टेंबरचे २,८३३ मागता आले असते. संध्याकाळी पैसे जमा. डिपॉझिटसाठी सहा-सहा महिने खेपा घालणारे लोक मला माहीत आहेत, त्यामुळे इथे एक तारा परत देते. एकूण तीन. विहिरीचे दोन, डिपॉझिटचा एक.

नवीन फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर, भाडं ९,५००, भिंती कोरड्या. पाण्याला क्लोरीनचा वास येतो आणि डाळीला तीन शिट्ट्या लागतात.

गणपतीत काकींनी दर्शनाला बोलावलं म्हणून गेले. मालक सहकुटुंब आलेले, हसून बोलले, मोदक झाले. पाऊस चालूच होता. स्वयंपाकघरात डोकावले तर भिंत खरवडून नवा गिलावा, आणि बाहेर चक्क नवी पन्हळ, पीव्हीसीची, पांढरीशुभ्र. पाहुणे येणार म्हणून दोघांनी निम्मे-निम्मे घातले म्हणे. मी मोदकाची ताटली हातात घेऊन खाली उभी राहून बघत होते. पाणी खिडकीच्या बाजूला येऊन साचत होतं आणि काठावरून सांडत होतं. उतार उलटा दिला होता.

काकींना बोलावून दाखवलं. त्यांनी पदर डोक्यावर घेतला, वर बघितलं आणि म्हणाल्या, "हो गो, खरंच की. पाऊस उघडला की बघू."