शेल स्क्रिप्टमध्ये तारखा: ग्नू डेट, मॅकची डेट, बॅश की थेट पायथन?

आत्ताची तारीख छापणं कुठल्याही शेलमध्ये (टाइप केलेल्या कमांड चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये) सारखंच सोपं आहे. प्रश्न सुरू होतात ते कालची तारीख, मागचा महिना किंवा दोन नोंदींमधलं अंतर हवं असतं तेव्हा. पॉझिक्स या युनिक्ससारख्या सिस्टिमांच्या सामाईक मानकातली ‘डेट’ कमांड आत्ताची वेळ हव्या त्या साच्यात (फॉरमॅटमध्ये) छापते. बाहेरून आलेली तारीख वाचणं, तिच्यात दिवस मिळवणं किंवा वजा करणं तिच्यात नाही. ती सोय लिनक्सवाल्यांनी आणि बीएसडीवाल्यांनी (युनिक्सचं दुसरं घराणं, मॅकची डेट यातलीच) आपापल्या पद्धतीने केली, म्हणून लॅपटॉपवर चाललेली स्क्रिप्ट सर्व्हरवर अडते. काय वापरायचं हे ठरवण्याआधी स्क्रिप्ट नेमकी कुठे चालणार आहे, हे एकदा पक्कं करा. बाकीची निवड त्यावरूनच ठरते.

ग्नू डेट: सोयीची, पण नको तिथे समजूतदार

डेबियन, रेड हॅट आणि उबुंटूच्या 25.10 आधीच्या आवृत्त्या या लिनक्स प्रकारांवर ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाची डेट असते. ‘-डी’ पर्यायापुढे इंग्रजीत ‘यस्टरडे’, ‘सेव्हन डेज अगो’, ‘नेक्स्ट फ्रायडे’ असं लिहिलं की काम होतं. स्क्रिप्ट फक्त लिनक्स सर्व्हरवरच चालणार असेल, तर दिवसांच्या हिशोबासाठी मी दुसरं काही सुचवणार नाही.

दोन ठिकाणी मात्र ती दगा देते. पहिलं म्हणजे महिना. 31 मार्च 2025 या तारखेतून एक महिना मागे जायला सांगितलं तर उत्तर येतं 3 मार्च 2025, कारण 31 फेब्रुवारी नसल्यामुळे जास्तीचे तीन दिवस पुढे ढकलले जातात. मासिक अहवालाची स्क्रिप्ट महिनाअखेरीला चालत असेल, तर ती फेब्रुवारीऐवजी मार्चचाच अहवाल काढेल. यावरचा उपाय ग्नूच्या माहितीपुस्तिकेतच आहे: आधी चालू महिन्याची 15 तारीख धरा, मग तिच्यातून महिना वजा करा. पंधरा तारीख प्रत्येक महिन्यात असते.

दुसरा दगा आपल्याकडच्या लोकांना जास्त भोवतो. तिरप्या रेघांची तारीख ग्नू डेट अमेरिकी क्रमाने वाचते. बँकेच्या किंवा सरकारी फाइलमधली 15/08/2025 तिला दिली तर ती चूक दाखवून थांबते, आणि हे बरंच आहे. पण 05/08/2025 दिली तर ती निमूटपणे 8 मे धरते. म्हणजे महिन्यातल्या पहिल्या बारा तारखांचा डेटा बिघडतो आणि कुणाला पत्ता लागत नाही. वाचायचा साचा सांगण्याची सोय ग्नू डेटमध्ये नाही. त्यामुळे आधी स्क्रिप्टमध्येच तुकडे करून वर्ष-महिना-दिवस असा क्रम लावून घ्यावा लागतो.

मॅकची डेट: लिहायला किचकट, वाचायला चोख

मॅकवर बीएसडी घराण्यातली डेट असते. तिथे ‘यस्टरडे’ चालत नाही. ‘-व्ही’ पर्यायाला वजा एक आणि दिवसाचं अक्षर जोडून द्यावं लागतं. बाहेरची तारीख वाचायची तर ‘-जे’ आणि ‘-एफ’ देऊन साचा स्वतः सांगायचा. हे कंटाळवाणं वाटतं, पण इथेच ती उजवी ठरते: दिवस/महिना/वर्ष असा साचा दिला की 05/08/2025 म्हणजे 5 ऑगस्टच. महिन्याच्या हिशोबातही ती शहाणी आहे. 31 मार्चमधून एक महिना वजा केला की ती 28 फेब्रुवारीवर थांबते.

तिचीही एक खोड आहे. साच्यात तास-मिनिटं दिली नाहीत, तर ती शून्य न धरता आत्ताच्या घड्याळातली घेते. दोन तारखांमधले सेकंद मोजताना अशाने उत्तर थोडंफार हलू शकतं. म्हणून साच्यात मध्यरात्रीची वेळही लिहावी.

एकच स्क्रिप्ट मॅक आणि लिनक्स दोन्हीकडे हवी असेल, तर मॅकवर होमब्रू या सॉफ्टवेअर बसवायच्या साधनातून ‘कोअरयुटिल्स’ हा ग्नू कमांडचा संच घ्या. मग ग्नूची डेट ‘जीडेट’ या नावाने मिळते. टीममध्ये सगळ्यांनी ते घेतलेलं असेलच याची खात्री नसेल, तर हा मार्ग धरू नका.

अल्पाइन कंटेनर

अल्पाइन ही कंटेनरमध्ये, म्हणजे प्रोग्राम वेगळा ठेवून चालवायच्या बंदिस्त जागेत, वापरली जाणारी छोटी लिनक्स. इथे डेट बिझीबॉक्स या छोट्या कमांडसंचातली असते आणि तिला ‘यस्टरडे’ कळत नाही. त्याहून मोठा प्रश्न टाइमझोनचा आहे. मूळ अल्पाइन इमेजमध्ये टाइमझोनची माहिती नसते. तुम्ही टाइमझोन सांगणाऱ्या ‘टीझेड’ व्हेरिएबलला एशिया/कोलकाता दिलंत, तरी कुठलीही तक्रार न करता वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) छापली जाते. पहाटे 2 वाजताचा बॅकअप आपल्या दृष्टीने आजचा, पण यूटीसीत तेव्हा आदल्या दिवशीचे रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात. मग फाइलच्या नावात भलतीच तारीख पडते. टाइमझोनची माहिती असलेलं ‘टीझेडडेटा’ पॅकेज घाला, किंवा ‘टीझेड’मध्ये ‘आयएसटी-5:30’ लिहा. चिन्ह उलटं दिसतं, पण या पद्धतीत पूर्वेकडच्या वेळेला वजाच लागतं. भारतात घड्याळ पुढेमागे करत नसल्यामुळे एवढ्यावर भागतं.

बॅशची स्वतःची सोय

हजारो ओळींच्या लॉगवर फिरणाऱ्या लूपमध्ये प्रत्येक ओळीला डेट बोलावली, तर दर वेळी नवी प्रक्रिया सुरू होते आणि स्क्रिप्ट रेंगाळते. बॅश या शेलमध्ये 4.2 आवृत्तीपासून ‘प्रिंटएफ’ स्वतःच तारीख छापतं, आणि 5.0 पासून ‘एपॉकसेकंड्स’ या व्हेरिएबलमध्ये 1 जानेवारी 1970 पासूनचे सेकंद तयार मिळतात. वेग हवा असेल तर यासारखं दुसरं नाही. मात्र हे छापण्यापुरतं आहे, तारीख वाचणं यात नाही. शिवाय मॅकसोबत येणारं बॅश आजही 3.2 आहे, तिथे यातलं काहीच नाही.

सेकंदांची वजाबाकी कालावधी मोजायला उत्तम: काम किती वेळ चाललं, टोकन कधी संपणार. पण ‘काल’ काढायला 24 तासांचे 86,400 सेकंद वजा करू नका. भारतात ते खपून जातं. न्यू जर्सीतल्या सर्व्हरवर मात्र घड्याळ एक तास पुढे केल्यामुळे 8 मार्च 2026 हा दिवस 23 तासांचाच आहे. 9 तारखेला रात्री साडेबाराला 86,400 वजा केले, तर तुम्ही 7 तारखेच्या रात्री साडेअकरावर पोचता आणि 8 तारीख पूर्ण गळते.

बॅशमध्ये आकडेमोड करताना आणखी एक खड्डा आहे. महिना ‘08’ किंवा ‘09’ आला की सुरुवातीच्या शून्यामुळे बॅश त्याला अष्टमान (फक्त 0 ते 7 अंकांची) संख्या समजून चूक दाखवतं. स्क्रिप्ट सात महिने सुरळीत चालते आणि ऑगस्टमध्ये पडते. आकड्याआधी ‘10#’ लावा, म्हणजे तो दशमान धरला जातो.

पायथनकडे कधी वळायचं

तारखा वेगवेगळ्या साच्यांत येत असतील किंवा दोनपेक्षा जास्त टाइमझोन असतील, तर शेलचा हट्ट सोडावा. साचा स्पष्ट सांगता येतो, आणि 3.9 पासून टाइमझोनसाठीचं ‘झोनइन्फो’ सोबतच येतं. अडचण एवढीच की छोट्या कंटेनरमध्ये पायथन नसतं, आणि कालची तारीख काढायला ते घालणं मला पटत नाही. अशा वेळी अल्पाइनमध्ये ‘कोअरयुटिल्स’ घालून ग्नू डेट आणणं हलकं पडतं.

जुन्या फाइल्स काढायला यातलं काहीच लागत नाही. ‘फाइंड’ कमांडचा ‘-एमटाइम’ (फाइल शेवटची बदलून किती दिवस झाले) हा पर्याय सगळीकडे चालतो. फक्त तो पूर्ण 24 तासांचे गट मोजतो, त्यामुळे ‘+7’ दिलं तर निदान आठ दिवस जुन्या फाइल्सच निघतात.

पर्याय कुठलाही घ्या, फाइलच्या नावासाठी वेळ स्क्रिप्टच्या सुरुवातीला एकदाच घेऊन व्हेरिएबलमध्ये ठेवा. तारीख एका वेळी आणि तास दुसऱ्या वेळी विचारलात, तर मध्यरात्रीच्या आसपास दोन्ही जुळणार नाहीत. साच्यात वर्षासाठी टक्क्याच्या चिन्हापुढे मोठा ‘वाय’ वापरा, मोठा ‘जी’ नको. ‘जी’ आठवड्याचं वर्ष (तो आठवडा ज्या वर्षात मोजतात ते) देतो आणि 30 डिसेंबर 2024 ला 2025 म्हणतो. आणि डेटची ओळ थेट क्रॉनटॅबमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी कमांड चालवणाऱ्या क्रॉनच्या यादीत, लिहिणार असाल, तर प्रत्येक टक्क्याच्या चिन्हाआधी उलटी तिरपी रेघ द्या. क्रॉन त्या चिन्हाला नवी ओळ समजतो आणि कमांड तिथेच तोडतो.