जव्हारहून आणलेला तारपा, सहा महिन्यांनी

लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतो मी. तारपा म्हणजे वारली आदिवासींचं फुंकायचंच वाद्य, त्यात काय एवढं, असा माज होता. पहिल्या दहा मिनिटांत उतरला.

त्याआधी एका प्रदर्शनात फसलो होतो. चकचकीत वॉर्निश, भोपळ्यावर वारली चित्रं. फुंकला तर नुसती फुसफुस. आत जिभाच, म्हणजे थरथरून आवाज काढणाऱ्या पत्त्याच, बसवलेल्या नव्हत्या! तो आता दिवाणखान्यात खिळ्याला लटकतोय. हा मात्र दिवाळीनंतर जव्हारकडच्या एका पाड्यावर जाऊन, बनवणाऱ्या बाबांकडूनच घेतला. अडीच हजार. घासाघीस केली नाही.

वाळवलेला दुधी भोपळा, त्यात मेणाने बसवलेल्या बांबूच्या दोन नळ्या, पुढे ताडाच्या पानांचा गुंडाळलेला कर्णा. कुठे खिळा नाही की स्क्रू नाही. चार फुटांचं हे धूड एसटीत आणताना कंडक्टर दोनदा वळून बघून गेला.

आता आवाज. क्लॅरिनेटची पत्ती ओठांत असते, म्हणून सूर जरा हलला तर ओठ आवळून सावरता येतो. इथे जिभा पुंगीसारख्या भोपळ्याच्या आत. तुमच्या हातात फक्त हवा आणि बोटं. दोन नळ्या एकदम बोलतात, त्यांचे सूर एकमेकांना किंचित घासतात आणि त्यातून असा काही घुमारा उठतो की छातीचा पिंजरा थरथरतो. आमच्या शेजारणीने गारुडी आला का म्हणून विचारलं. पेटीशी मात्र याचा सूर जुळत नाही, बँडमध्ये घ्यायचा बेत तिथेच बारगळला.

खरी परीक्षा दमाची. नाकाने श्वास ओढायचा आणि त्याच वेळी गालातली हवा आत ढकलायची, कारण तारपा थांबला तर त्यावर चाललेला वारल्यांचा नाच थांबेल. तारपकरी, म्हणजे तारपा वाजवणारा, चाल बदलतो तशी नाचणाऱ्यांची पावलं बदलतात. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांच्या चित्रात माणसांचं ते वेटोळं पाहिलंय ना? त्याच्या मधोमध हाच. बाबांनी पेटती बिडी दगडावर ठेवली आणि ती विझेपर्यंत अखंड वाजवून दाखवलं. माझी मजल सलग चाळीस सेकंद.

मे महिन्यात मी तो माळ्यावर टाकला. पत्र्याखाली मेण मऊ पडलं, सांध्यातून हवा गळू लागली. चूक माझीच. घ्यायला जाल तर मेणाचा जास्तीचा गोळा मागून घ्या, मी एकच आणला होता.