क्लचचे दोन अल्बम: आधी कोणता घ्यावा?

स्टोनर रॉक या संथ, भारदस्त गिटारच्या रॉक प्रकारातले जड, घोळवत नेलेले रिफ (गिटारवर पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या सुरावटी) आवडतात, पण त्यांत ब्लूज या जुन्या आफ्रिकन-अमेरिकन संगीताचा ओलावाही हवा, अशा श्रोत्याला जाणकार बहुधा क्लच या बँडचे नाव सुचवतात. अमेरिकेतील मेरीलँड राज्यातल्या जर्मनटाउन येथे १९९१ मध्ये सुरू झालेल्या या बँडचे 'रोबॉट हाइव्ह/एक्सोडस' (२००५) आणि 'फ्रॉम बील स्ट्रीट टू ऑब्लिव्हियन' (२००७) हे लागोपाठचे दोन अल्बम ब्लूजच्या सर्वांत जवळचे आहेत. दोन्हींत नील फॅलन यांचा खर्जातला, प्रवचनकारासारखा आवाज आहे, दोन्हींत मिक शॉअर यांचे ऑर्गन आहे, आणि म्हणूनच निवड करताना घोटाळा होतो.

यांतल्या पहिल्या अल्बममध्ये १४ गाणी आहेत. वॉशिंग्टनच्या पंक (रांगड्या, वेगवान रॉक) वर्तुळातून आलेल्या जे. रॉबिन्स यांनी त्याची निर्मिती केली, आणि तो कोरडा, नेमका नाद सर्वत्र जाणवतो. शॉअर तेव्हा बँडमध्ये नव्याने सामील झाले होते. त्यामुळे कित्येक ठिकाणी गिटारच्या बरोबरीने ऑर्गनच गाणे पुढे ओढते आणि ताल फंककडे, म्हणजे नाचऱ्या, ठेकेदार संगीताकडे, झुकतो. ब्लूज मात्र उघडपणे येतो तो अगदी शेवटी: ब्लूज गिटारवादक मिसिसिपी फ्रेड मॅकडॉवेल यांचे 'ग्रॅव्हल रोड' आणि ब्लूज गायक हाउलिन वुल्फ यांचे 'हूज बीन टॉकिंग' ही दोन जुनी गाणी तिथे एकामागून एक आहेत. निवड चोख असली, तरी आधीच्या बारा गाण्यांनंतर ती पुरवणीसारखी वाटतात, हे मान्य करावे लागते.

दुसऱ्या अल्बममध्ये हीच शिदोरी पचलेली दिसते. बील स्ट्रीट हा मेम्फिस शहरातला, ब्लूजच्या इतिहासात मानाचे स्थान असलेला रस्ता. नाव शोभेपुरते ठेवलेले नाही. 'इलेक्ट्रिक वरी' हे गाणे पुन्हा मॅकडॉवेल यांच्याच एका गाण्यावर बेतलेले आहे. टेनेसीत जन्मलेले आणि मिसिसिपीत शेती करणारे हे वादक १९५९ मध्ये लोकसंगीताचे संग्राहक अ‍ॅलन लोमॅक्स यांच्या ध्वनिमुद्रणांमुळे बाहेरच्या जगाला कळले. एकाच स्वराभोवती घुमत राहणारा आणि नर्तकांना थांबू न देणारा त्यांचा झपाटलेला ठेका स्टोनर रॉकच्या रिफचा आजोबाच म्हणावा असा आहे. क्लचने त्यांचे शब्द घेतले, पण वर आपला स्वतःचा धुडगूस रचला, आणि माउथ ऑर्गनची फुंकर त्यावर अशी बसली की मूळ कुठे संपते आणि भर कुठे सुरू होते ते सांगता येत नाही. 'ग्रॅव्हल रोड'मध्ये बँड एका थोर वादकाला आदराने नमस्कार करतो. इथे तो त्याच्या शेजारी बसून वाजवतो.

निर्माते जो बॅरेसी यांनी नादही ऐसपैस ठेवला आहे. ज्याँ-पॉल गॅस्टर यांच्या ड्रममधला हलका झोका या अल्बममध्ये अधिक स्पष्ट ऐकू येतो, आणि माझ्या मते गॅस्टर हेच या बँडमधले खरे ब्लूज वादक आहेत. 'व्हाइट्स फेरी'सारख्या संथ गाण्यात हे विशेष जाणवते. त्याचे नाव पोटोमॅक नदीवरच्या, २०२० पर्यंत मेरीलँड आणि व्हर्जिनियाला जोडणाऱ्या एका जुन्या नौकासेवेवरून आलेले आहे. उत्तरार्ध थोडा सैल पडतो, एवढी एक तक्रार.

याच बँडचा २०१३ चा 'अर्थ रॉकर' अनेकजण सुचवतील. तो वेगवान आणि दमदार आहे, परंतु ब्लूजसाठी येणाऱ्याने तो तूर्त बाजूला ठेवावा.

ब्लूज हाच निकष असेल, तर २००७ चा अल्बम आधी घ्यावा. ऑर्गन, फंक आणि फॅलन यांच्या कोड्यात बोलणाऱ्या शब्दांची ओढ अधिक असेल, तर २००५ चा. 'बील स्ट्रीट' ऐकताना गाण्यांचा क्रम मात्र बदलू नये, कारण 'इलेक्ट्रिक वरी'च्या शेवटातूनच 'वन आय डॉलर' उगवते. 'रोबॉट हाइव्ह' घेणाऱ्याने याउलट करावे: शेवटची दोन गाणी आधी ऐकावीत, आणि मग पहिल्या गाण्यापासून सुरुवात करावी.