5 मिनिटांचा वाय-ब्रेक की फ्लेक्सी टाइम?

ऑफिसात कामाच्या मधेच योग करता यावा म्हणून आयुष मंत्रालयाचं वाय-ब्रेक (योग ब्रेक) ॲप 2021 मध्ये आलं, खुर्चीजवळच 5 मिनिटं ताडासन, कटिचक्रासन, शेवटी भ्रामरी आणि थोडं ध्यान, ना कपडे बदलायचे ना कुणाची परवानगी काढायची, आखडलेल्या मानेला तेवढ्यानंही बरं वाटतं हे खरंय. पण दम लागेल असा व्यायाम त्यात होत नाही. त्यासाठी फ्लेक्सी टाइमच हवा, 10 ऐवजी 11 ला पंच केलं आणि संध्याकाळी तास भरून काढला की सकाळी पोहणं, झुंबा निवांत जमतं. फक्त 11 ची मीटिंग 10 ला ओढायची नाही हं, आमच्याकडे तेच झालं आणि स्विमिंगची बॅग आठवडाभर डेस्कखाली कोरडीच पडून होती. माझं मत फ्लेक्सीलाच, ठरलेल्या वेळी काउंटरवर बसावं लागणाऱ्यांना मात्र वाय-ब्रेकच सोयीचा.