विद्यापीठाला द्यायचंय: हयातीत की मृत्युपत्रात?

आत्याला मूलबाळ नाही. पुण्यात फ्लॅट, बँकेत वीस लाखांच्या ठेवी. प्रश्न एवढाच, की विद्यापीठाला आत्ता द्यायचं की मृत्युपत्रात लिहून ठेवायचं?

हयातीत दिलेलं पुढच्या उलथापालथीतून सुटतं. मुंबईचे कापूस व्यापारी प्रेमचंद रायचंद यांनी १८६४ साली मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख आणि आईच्या नावाच्या मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख दिले. पुढच्याच वर्षी अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं, तिकडचा कापूस पुन्हा येऊ लागल्याने भाव गडगडले, शेअरबाजार बुडाला आणि शेठजीही त्यात सापडले. पैसे आधीच देऊन झाले होते, म्हणून १८७८ साली राजाबाई टॉवर उभा राहिला.

करसवलतही हयातीतच. देणगीची प्राप्तिकरातली वजावट जुनी करप्रणाली निवडणाऱ्यालाच मिळते, आणि दोन हजारांवर रोख दिलेत तर तीही नाही. मृत्युपत्राने कर वाचतो हे अमेरिकेतल्या नातेवाइकांचं गणित. आपल्याकडे संपदा शुल्क, म्हणजे मृताच्या मालमत्तेवरचा कर, १९८५ सालीच गेलं.

पण फ्लॅटचं बक्षीसपत्र नोंदवलं की ते सहजी मागे घेता येत नाही. आत्या चौऱ्याहत्तरची. उद्या मोठं आजारपण निघालं तर तोच फ्लॅट विकावा लागेल. शिवाय बक्षीसपत्राला मुद्रांक शुल्क आहे. मृत्युपत्र साध्या कागदावर, दोन साक्षीदारांसमोर होतं, नोंदणी ऐच्छिक, आणि मन बदललं तर नवं करता येतं. एकत्र कुटुंबातला अविभक्त हिस्सासुद्धा मृत्युपत्राने देता येतो. बक्षीस द्यायचा तर इतरांची संमती लागते. गोव्यात मात्र मुलंबाळं असतील तर निम्म्या मालमत्तेला हात लावता येत नाही.

मृत्युपत्रं फसतात ती शब्दांत. ‘पुणे विद्यापीठ’ लिहू नका. २०१४ पासून ते सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ आहे. ‘आमचं कॉलेज’ तर त्याहून वाईट, कारण मालमत्ता बहुधा ते चालवणाऱ्या शिक्षणसंस्थेच्या नावावर असते. ‘अमुक विषयात पहिल्या येणाऱ्या मुलीला’ अशी अट घालाल, तर तो विषय बंद पडल्यास पैसे कुठे वळवायचे हेही एका ओळीत लिहा.

माझा कौल अर्धा-अर्धा आहे. आठ लाख आत्ताच कायम निधीत द्यावेत: सहा टक्क्यांनी वर्षाला अठ्ठेचाळीस हजार होतात, आणि शिष्यवृत्ती घेणारी पहिली मुलगी आत्याला डोळ्यांनी बघता येते. फ्लॅट आणि उरलेल्या ठेवी मृत्युपत्रात.

एक गोष्ट मात्र मलाच अवघडून सांगावी लागली. सगळ्या ठेवींना नॉमिनी मी आहे. नॉमिनी मालक नसतो. बँक पैसे माझ्या हाती देईल, पण ते मृत्युपत्राप्रमाणे पुढे पोचवायचे. म्हणून मृत्युपत्रात ठेवींचा उल्लेख बँक आणि शाखेसकट हवा, आणि एक्झिक्युटर, म्हणजे मृत्युपत्र अमलात आणणारा, म्हणून कोणीतरी तिसरा.

आत्याने चष्मा काढला. “मग साक्षीलाही तू नकोस,” ती म्हणाली, “समोरच्या डॉक्टरीणबाईंना सांगते.”